पोटखराब्यातला बंगला

ठाण्याहून घोडबंदर रोडला लागलं आणि मानपाडा मागे टाकला की डाव्या हाताला येऊरचा डोंगर आपल्याबरोबर चालायला लागतो. आता मधे टॉवर आलेत, मेट्रोचे खांब आलेत, त्यामुळे तो तुकड्या-तुकड्यानेच दिसतो, पण आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी, मेन रोड सोडून दहा मिनिटं आत चालत गेलं की एक कौलारू बंगला होता. सगळे त्याला शेटचा बंगला म्हणायचे. कुठला शेट, कधीचा शेट, हे विचारलं तर कुणालाच सांगता यायचं नाही. मी लहान होते तेव्हा त्याचे मालक एक वकीलसाहेब होते, गिरगावात राहणारे, तरी बंगला शेटचाच.

माझे आजोबा तिथे माळी. मुरबाडकडून चौदा-पंधरा वर्षांचे असताना कामाला आले ते शेवटपर्यंत तिथेच राहिले, बंगल्याच्या मागे विहिरीजवळ दोन खोल्या होत्या त्यात. आत्याचा जन्म तिथला, बाबांचा जन्म तिथला. माझी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिथली. सकाळी उठून आधी रायवळ आंबे वेचायला पळायचं, उशीर झाला तर पाड्यावरची पोरं आधी येऊन गेलेली असायची. दुपारी बंगल्याच्या ओटीवर झोपायचं, ती जमीन इतकी गार असायची की चटईसुद्धा नको वाटायची. आत जायला मात्र आम्हाला परवानगी नव्हती. आजोबा स्वतः केर काढायला आत जायचे आणि मागे दार लोटून घ्यायचे.

आमच्या घरात एक भांडण आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. बाबा म्हणतात, ती जमीन कूळ कायद्यात, म्हणजे कसेल त्याची जमीन या कायद्यात, आपली झाली असती, तात्यांचा (माझे आजोबा) अंगठा घेतला आणि खेळ खलास केला. आत्या म्हणते, कोणी काही घेतलं नाही, तात्यांनी स्वतःहून सोडली. दर दिवाळीला, दर लग्नात, दर कुणाच्या तरी बाराव्याला हे निघायचंच. बाबा आता पंच्याहत्तरी ओलांडून गेलेत, आत्या त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि दुसरं वाक्य त्या जमिनीबद्दल बोलले. तेव्हा मी ठरवलं की हा बंगला कुणाकुणाचा होता आणि त्यात आजोबा कुठे होते हे कागदावर शोधायचं. बँकेत नोकरी आहे, कागद वाचायची सवय आहे, म्हटलं बघू या.

पहिला धक्का असा की सातबाऱ्यावर बंगलाच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र, गाव नमुना सातवर मालकी आणि हक्क, बारावर पीक. जमिनीचा कागद आहे तो, घराचा नाही. आमच्या सर्व्हे नंबरला भात किती, आंबा किती, सगळं लिहिलेलं आणि बंगला जिथे उभा होता तेवढे गुंठे 'पोटखराबा' म्हणून. म्हणजे लागवडीला न येणारी जागा. खडक, नाला हे तर त्यात येतंच पण खळी, शेतघरं यांच्याखालची जागाही त्यातच धरतात आणि तिला शेतसारा नाही. इतक्या जाड भिंतींचा, सागवानी तुळयांचा बंगला, आणि सरकारी हिशोबात तो खराब जागेत. मला ते वाचून उगाच वाईट वाटलं.

मग मागे मागे जायचं असतं ते फेरफारांवरून. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ वर्तुळात आकडे असतात ना, ते फेरफार नंबर. प्रत्येक नंबर म्हणजे एक गोष्ट घडली, कोणी विकलं, कोणी मेलं, कोणाची वाटणी झाली, कोणी बोजा चढवला. गाव नमुना सहामध्ये तलाठ्याने ती चार ओळीत लिहिलेली असते आणि खाली सर्कल साहेबांची सही. जुनी पानं आता स्कॅन झालीत, ठाणे जिल्ह्याची ऑनलाइनही बघता येतात, पण अर्धी पानं अशी की शाई उडालेली, कोपरा वाळवीने खाल्लेला, त्यामुळे शेवटी कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज घेऊन नकलेसाठी जावंच लागतं. मी किती शनिवार आणि किती रजा घालवल्या ते मोजलं नाही. घरपट्टीचं रजिस्टर वेगळं, तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, कारण 1982 मध्ये ठाणे महानगरपालिका झाली त्याच्या आधी हे सगळं गावच होतं. तिथे मात्र बंगला सापडला. 'कौलारू, पक्क्या भिंती, व्हरांडा, विहीर 1.' एवढंच, पण त्या ओळीवर मी बोट ठेवून बसले होते थोडा वेळ.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते नाहीतर राहून जाईल. आमच्याकडे सगळ्यांना खात्री होती की बंगला 1865 चा. का, तर पावसाळ्याच्या आधी आजोबा कौलं परतायला चढायचे, तेव्हा फुटकं कौल खाली आलं की त्याच्या पाठीवर इंग्रजीत ठसा असायचा, बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर, आणि मधे 1865. बाबांनी ते कौल शाळेत नेऊन दाखवलं होतं म्हणे. मीसुद्धा कितीतरी वर्षं लोकांना सांगायचे, आमच्या इथला बंगला 1865 चा. आता कळलं की तो कारखाना सुरू झाल्याचा सन, जर्मन मिशनऱ्यांनी मंगलोरला कौलांचा कारखाना काढला तेव्हाचा, आणि नंतरही तोच सन ठशात राहिला. म्हणजे कौलावरून एवढंच सिद्ध होतं की छप्पर त्याच्यानंतर कधीतरी पडलं. त्याच्या आधी आपल्याकडे गावच्या कुंभाराची नळीची कौलं असायची, गुरांच्या गोठ्यावर ती शेवटपर्यंत होती.

आता शेट. सगळ्यात जुना कागद जो मिळाला तो वकीलसाहेबांच्या नातवाने दिला, खरेदीखताची नक्कल, मोडीत. डोंबिवलीला मोडी वाचणारे एक काका आहेत त्यांच्याकडे घेऊन गेले, त्यांनी दोन तासात घडाघडा वाचून दाखवलं आणि पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले झेरॉक्स मला ठेवू दे, अक्षर फार वळणदार आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा व्यवहार आहे. विकणारे दोन भाऊ, पारशी, खाली त्यांच्या सह्या गुजरातीत. त्यांच्या वडिलांनी बंगला बांधला, वडिलांचा धंदा ताडी-दारूचा मक्ता. तर हाच तो शेट! ठाणे जिल्ह्यात तेव्हा मक्ते बरेचसे पारशांकडेच असायचे आणि खरेदीखतात झाडांची यादी आहे त्यावरूनही ते लक्षात येतं, आंबे, फणस, चिंचा एका ओळीत आणि ताड वेगळ्या ओळीत मोजलेले, कारण ताडी काढायच्या झाडावर सरकारी कर होता. मोहाची चार झाडं तीही वेगळी. सरकारने 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच कायदा केला होता, फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं सगळ्यावर बंधन, म्हणजे आदिवासी माणसाने घरी दारू गाळू नये आणि मक्त्याच्या दुकानातूनच घ्यावी. आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या वारली बायका मोहाची फुलं वेचून सुकवायच्या, मी बघितलंय, त्यांच्या आज्या-पणज्यांना ते चोरून करावं लागलं असणार, आणि ज्याच्या धंद्यासाठी ते चाललं होतं त्याच्याच बंगल्यामागे ती झाडं.

पारशी शेट इथे साष्टीत आले कसे तर ती मोठी कहाणी आहे, थोडक्यात सांगते. ठाणे शहर हे साष्टी बेटाचा भाग. 1534 ला पोर्तुगीजांकडे गेलं, 1737 ला मराठ्यांनी घेतलं, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. मग जंगल वाढलेली, ओस पडलेली गावं त्यांनी मुंबईच्या पैसेवाल्यांना लावून दिली. पवईची जमीन फ्रामजी कावसजींकडे होती, त्यांनी तिथे ऊस, तुती, आंबा काय काय लावून बघितलं. आमचे शेट एवढे मोठे नव्हते, त्यांच्याकडे अख्खं गाव वगैरे नव्हतं, काही एकर भात, वाडी आणि हा बंगला. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली त्यानंतर मुंबईच्या माणसाला ठाण्याकडे वाडी करणं सोपं झालं, गाडीने ठाण्यापर्यंत यायचं आणि पुढे टांगा किंवा बैलगाडी.

शेटची खरी खूण म्हणजे विहीर. पारशी लोक विहिरीला फार मानतात, पाणी त्यांना पवित्र, तिथे दिवा लावतात. आमच्या विहिरीला आतून घडीव दगड होता, उतरायला पायऱ्या, आणि काठाच्या दगडात एक कोनाडा, दिव्यापुरता. कोनाड्याचं छत काळं पडलेलं होतं काजळीने. आजी त्यात संध्याकाळी दिवा लावायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं की हे पारशांचं, कोनाडा आहे तर दिवा लावायचा एवढंच तिला ठाऊक.

दुसऱ्या मालकांचं नाव खरेदीखतात आहे, इथे देत नाही. ठाण्याचेच, पब्लिक वर्क्समध्ये ओव्हरसियर होते, आडनावाच्या शेवटी 'कर'. मी आधी ते वाचून कोकणातले कोणीतरी आपले असतील असंच धरलं. आजी मात्र त्यांना कायम 'इस्रायली साहेब' म्हणायची आणि लहानपणी मला वाटायचं ते परदेशातून आलेले गोरे कोणीतरी. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', घरात मराठी बोलणारे. ठाण्यात त्यांची मोठी वस्ती, टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग 1879 चं आहे.

याचा पुरावा मला कागदाच्याही आधी मिळाला होता, फक्त कळला नव्हता. बंगल्याच्या मुख्य दाराची चौकट सागवानी, आत जाताना उजव्या हाताला, डोक्याच्या उंचीवर, लाकडात एक उभा खळगा, बोटभर लांब. वर एक खिळ्याचं भोक, खाली एक. खळग्यातलं लाकूड बाकीच्या चौकटीपेक्षा फिकट. आम्ही पोरं त्यात उदबत्ती खोचायचो. बंगला पाडायच्या आधी मी शेवटचे फोटो काढले त्यात तो आला होता. आमच्या ब्रँचमध्ये एक ज्यू ताई होत्या, आता रिटायर झाल्या, डबा खाताना त्यांना सहज ते फोटो दाखवत होते, त्यांनी एका फोटोवर हात धरला आणि म्हणाल्या थांब. झूम केलं. मग त्यांनी मोबाइलच्या काचेवर त्या खळग्याला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना लावली. हे मेझुझाचं आहे, म्हणाल्या. चर्मपत्रावर प्रार्थना लिहून छोट्या डबीत घालून दाराला लावतात, येता-जाता हात लावायचा. घर दुसऱ्या धर्माच्या माणसाला देताना काढून घ्यायची असते. त्यांनी काढून नेलीय नीट, म्हणाल्या, चौकट न खरवडता.

आजोबा कामाला आले ते याच साहेबांच्या वेळी. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं आणि साहेबांच्या बाईंनी तिला शिकवलं, नारळाच्या दुधातली माशाची आमटी आजी आयुष्यभर तशीच करायची. मलिदा असला की बंगल्यात माणसं यायची, मोठ्या ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वरून फळं आणि एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना. मागच्या खोल्यांत एक ताट यायचं. आजी गेली तेव्हा चौऱ्याऐंशीची होती, कितीतरी नावं विसरली होती पण मलिद्याला पोहे किती वेळ भिजवायचे ते सांगायची. 1948 ला इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही वर्षांत ठाण्यातली, मुंबईतली, कोकणातली कितीतरी कुटुंबं गेली. साहेब म्हातारे झाले होते, त्यांना जायचं नव्हतं, मुलांना जायचं होतं, शेवटी सगळेच गेले. बाईंनी जाताना आजीला तांब्याचा हंडा दिला. तो आमच्याकडे आहे, काठाला पोचा आलेला, त्यात मी आता तुळस लावलीय.

त्यांनी विकला तो वकीलसाहेबांना. आणि इथून पुढे जे आहे त्यासाठीच मी एवढं सगळं लिहायला घेतलं.

वकीलसाहेब दर रविवारी यायचे असं नाही, पण मे महिन्यात सगळं कुटुंब महिनाभर. त्यांनी हापूसची कलमं लावली. वाडीचं काम आजोबांना पगारावर आणि भातशेती अर्धेलीने, म्हणजे बी-बियाणं आणि मेहनत आजोबांची, पीक अर्धं अर्धं. यात कुठे काही लिहिलेलं नव्हतं. आता कायदा बघा. मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा 1948 चा, त्यात 1956 ला दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने त्या जमिनीचा मानीव खरेदीदार. मालकाने द्यायची गोष्टच नाही, झालाच मालक. मग शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कलम 32ग खाली चौकशी व्हायची, कूळ विकत घ्यायला तयार आहे का विचारायचे आणि किंमत ठरवायचे, साऱ्याच्या 20 पटीपासून 200 पटीपर्यंत, तीही हप्त्याने. आजोबांना परवडली असती का? आत्या म्हणते नाही. मी आकारणी काढून हिशोब केला, एक म्हैस विकून बराचसा निघाला असता.

आणि कूळ कोण हे कशावरून ठरायचं तर बऱ्याच अंशी बाराच्या नमुन्यावरून. त्यात पिकाच्या बाजूला जमीन करणाऱ्याचं नाव आणि 'रीत' असा रकाना असायचा. रीत 1 म्हणजे मालक स्वतः कसतो, 2 म्हणजे मालक मजूर लावून स्वतःच्या देखरेखीखाली कसतो, 3 म्हणजे दुसरा कोणी कसतो. मला जुन्या बाराची नक्कल मिळाली. 1956-57 च्या ओळीत, भाताच्या पुढे, रीत 3 आणि आजोबांचं नाव. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात. त्याच्या आधीच्या वर्षी रीत 2. त्याच्या नंतरच्या वर्षी पुन्हा रीत 2, आजोबा गायब. शंभरएक वर्षांच्या या सगळ्या कागदांत माझ्या आजोबांचं नाव मालकीहक्काच्या जवळपास कुठे आलं असेल तर या एका ओळीत, एका वर्षापुरतं. मी तिथेच बाकावर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं ठरलं होतं. नाव लागलं होतं आणि निघालं होतं. आता राहिला अंगठा.

न्यायाधिकरणाची फाइल मिळायला पुढे आठ महिने लागले, ते सगळं इथे लिहीत नाही. पातळ फाइल, सहा पानं. त्यातलं चौथं पान आजोबांचा जबाब. मी सदर जमिनीत कूळ नाही, मालकांकडे पगारी माळी आहे, भातशेती मालकांचे सांगण्यावरून करतो, जमीन विकत घेणेची इच्छा नाही. त्याखाली एक वाक्य वेगळं पडलेलं, कारण ते छापील साच्यातलं वाटत नाही, 'मी राहतो त्या दोन खोल्या व विहिरीचे पाणी मला व पाड्यावरील लोकांस कायम असावे एवढी विनंती.' आणि खाली अंगठा नाही. सही. मराठी अक्षरं, प्रत्येक वेगळं काढलेलं, वरची रेघ मागून मारलेली, शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे खाली उतरलेलं. आजोबा पाड्यावरच्या रात्रीच्या वर्गात बसून तेवढं शिकले होते, आणि वाचायलाही, हळूहळू का होईना यायचं त्यांना. म्हणजे काय लिहिलंय ते त्यांना कळत होतं.

आदेश दोन ओळींचा, कूळ नसल्याने कारवाई बंद.

मी आधी आत्याकडे गेले, कळव्याला. झेरॉक्स पुढे ठेवली. तिने चष्मा लावून सही बघितली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग जे सांगितलं ते तिने आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी तिला टीबी झाला होता, बारा वर्षांची होती. वकीलसाहेबांनी गाडीत घालून मुंबईला नेलं, हॉस्पिटलात खाट मिळवून दिली, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं त्या काळात कुठून कुठून आणली आणि पाच महिने खर्च केला. चौकशीची नोटीस आली तेव्हा ती अजून खाटेवर होती. तात्या भेटायला आले, तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, भाताचं शेत देऊन टाकतोय गं, तू बरी होऊन ये. तिला तेव्हा काही कळलं नाही. मोठी झाल्यावर कळलं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही, इतक्या वर्षांत, कारण मग ती जमीन तिच्यामुळे गेली असं झालं असतं.

माझं स्पष्ट मत आहे की आजोबा कूळ होते. अर्धेलीने भात करणारा माणूस कूळच असतो, कायद्याच्या भाषेतही. वकीलसाहेबांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणू, त्यांचा धंदाच तो. त्यांनी इंजेक्शनांच्या बदल्यात जमीन मागितली असं आत्या म्हणत नाही, कोणी काही मागितलं नाही म्हणते, आणि मला वाटतं मागायची गरजच नव्हती. ज्याची मुलगी मालकाच्या पैशावर हॉस्पिटलात आहे त्याला जबाब द्यायला उभा करतात तेव्हा त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार. पण हेही तितकंच खरं की आत्या आज ऐंशीच्या पुढे आहे आणि तिने मला त्या दिवशी थालीपीठ करून वाढलं. मी या दोन्ही गोष्टी एकत्र धरून बसलेय, सोडता येत नाही एकही.

बंगल्याचं पुढचं लवकर सांगते. वकीलसाहेब गेले, तीन मुलांची वारस नोंद झाली, एक मुलगा अमेरिकेत. नागरी जमीन कमाल मर्यादेचा 1976 चा कायदा होता, ज्याला सगळे यूएलसी म्हणायचे, त्यामुळे कोणी हात लावत नव्हतं, तो महाराष्ट्रात 2007 ला रद्द झाला. तोपर्यंत एका बिल्डरबरोबर करार झाला होता पण सातबाऱ्यावर खासगी वनाची नोंद आली. मुलुंड-ठाण्याच्या डोंगराकडच्या कितीतरी जमिनींना आणि उभ्या इमारतींना ती आली होती, 1950 च्या दशकातल्या नोटिसा आणि 1975 चा खासगी वने संपादन कायदा यांच्या आधारावर. सुप्रीम कोर्टाचा निकाल 30 जानेवारी 2014 ला लागला तोपर्यंत सगळं अडकून. ती मधली वर्षं बंगल्याने एकट्याने काढली. आजोबा नव्हते, कौलं परतायला कोणी नव्हतं. कौल सरकलं की पाणी आत, वासा कुजतो, मग शेजारचं कौल सरकतं. व्हरांडा आधी गेला. मग सिमेंटच्या गोण्या ठेवायला वापरला काही दिवस. मग एका पावसाळ्यानंतर जेसीबी आला, सकाळी दहाला सुरू केलं आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत संपलं, असं पाड्यावरच्या एकाने सांगितलं. सागवान ट्रकमध्ये गेलं. चौकट मला हवी होती, मी फोन केला तोपर्यंत भंगारवाल्याकडून पुढे विकली गेली होती.

बाबांना मी जबाब गेल्या फेब्रुवारीत दाखवला, आत्या सोबत होती. तिने स्वतःच सांगितलं त्यांना हॉस्पिटलचं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बाहेर आले तेव्हा बाबांच्या हातात तो कागद होता आणि ते सहीवरून बोट फिरवत होते, वरच्या रेघेवरून, डावीकडून उजवीकडे. अंगठा नव्हता, एवढंच म्हणाले. मग शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, विहिरीचं. दोनदा वाचलं. पाड्यावरच्या लोकांना म्हणून लिहिलंय, म्हणाले. मी म्हटलं हो. मला आठवतंय, म्हणाले, मे महिन्यात पाड्यावरच्या सगळ्या बाया आपल्याकडे यायच्या आणि वकिलाच्या बाईला आवडायचं नाही पण ती कधी काही बोलू शकली नाही. मला वाटायचं तात्यांचा दरारा.

मग म्हणाले, मला विहीर बघायचीय.

आहे ती. टॉवरच्या मागच्या बाजूला, मुलांच्या झोपाळ्यांच्या पलीकडे, वर लोखंडी जाळी टाकलीय आणि झाडांना पाणी घालायला पंप बसवलाय. सिक्युरिटीवाल्याने आधी सोडलं नाही, मग बाबांचं वय बघून एका फोनवर परवानगी काढून दिली. कोनाडा एका बाजूने दिसतो, त्यात कोणीतरी पाइपचा तुकडा ठेवलाय. बाबा जाळीला धरून वाकले. आत शेवाळलेला दगड, अंधार, आणि खूप खाली पंपाच्या पाइपाभोवती पाणी हललं तेव्हा चमकलं.

"मे महिन्यात आटते का हो?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. टँकर बंद पडले तरी हिचं पाणी असतं."

बाबांनी खिशातून मोबाइल काढला आणि आत्याला फोन लावला. आत्याला ऐकू कमी येतं म्हणून ओरडूनच बोलतात ते तिच्याशी, झोपाळ्यावरची मुलं वळून बघायला लागली.

"ताई, पाणी आहे गं अजून," बाबा म्हणाले, "भरपूर पाणी आहे."